आठच्या आत

घरमालकाच्या मुलाने पत्र पाठवलं.
त्यात आमची नावं बरोबर होती, तेवढंच बरोबर होतं.
सप्टेंबरपासून भाडं दुप्पट.
आदेरितु म्हणाला, चष्मा सापडत नाही, तूच वाच.
चष्मा त्याच्या कपाळावर होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या मी,
अंथरुणाचं माप मला कोणी सांगू नये.
पण तेच दरसाल वीतभर आखडत गेलं
तर माणसाने पाय कापून घ्यायचे का?

त्याच पत्राच्या पाठीवर मग गावं लिहिली.
लिस्बनपासून तास किती, भाडं, बटाटे, गॅस, दवाखाना.
बेजा स्वस्त, पण उन्हाळ्यात दुपारी
तिथे कुत्रंही सावली सोडत नाही म्हणतात.
ग्वार्दा स्वस्त, पण भाड्यात वाचेल ते शेगडीत जाईल.
कास्तेलु ब्रांकु आदेरितुने स्वतःच खोडलं,
पेन्सिल मोडेपर्यंत.
तिथे त्याचा भाऊ राहतो.

रविवारी मी एकटीच बसने निघायची,
पिशवीत पाव, सार्डिनचा डबा आणि उघडायची किल्ली.
शहर कसं पारखतात, कोणी शिकवलं नव्हतं.
स्थळ आलं तेव्हा आईने आदेरितुची नखं पाहिली होती.
मी वाळत घातलेले कपडे पाहिले.

दोरी खोटं बोलत नाही.
एका गावात सगळ्या दोऱ्यांवर काळे झगे, लोकरी बंड्या,
ठिगळाला ठिगळ.
एका गावात दोऱ्याच नव्हत्या, नुसत्या खिळ्यांच्या खुणा.
कोविल्यांच्या चढावर, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीमागे,
एका बाल्कनीत लहान पोराचे मोजे: अकरा.
बारावा शोधत मी बराच वेळ उभी राहिले.

खालच्या दुकानात कोबी घेतला, नको असताना.
दुकानदार म्हणाला, मुलगा लक्झेंबर्गला, भाची लिस्बनला,
चौघी मिळून एका खोलीत.
किती देते, विचारलं. त्याने आकडा सांगितला.
मी कोबीची पानं मोजत राहिले.
म्हणजे जिथून ती निघाली तिथे मी चालले होते,
आणि जिथे ती गेली तिथून मला काढत होते;
एकाच बसच्या दोन खिडक्यांत
आम्ही एकमेकींना ओलांडलं असणार.
स्वस्त म्हणजे काय ते तेव्हा कळलं,
आणि कळूनही मी भाडं विचारलंच.

दोना फेलिश्मिना, वय त्र्याऐंशी, किल्ल्या ॲप्रनच्या खिशात.
दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, सत्तर पायऱ्या.
आकडा इतका लहान की मी पुन्हा विचारला.
एक अट आहे, ती म्हणाली.
मी मनात म्हटलं, आलं.
सकाळी आठच्या आत रस्त्याकडची खिडकी उघडायची.
बाकी काही नाही.
या गल्लीत सगळे उघडतात.

आदेरितु जन्मभर रात्रपाळीचा,
ट्रामची चाकं दुरुस्त करून पहाटे आडवा होणारा माणूस.
त्याला ही अट दुप्पट भाड्याहून जड वाटली.
ट्रकमध्ये, कपाटाला टेकून, शंभर किलोमीटर तो कुरकुरला.
घड्याळ मात्र त्याने स्वतःच लावलं.

पहिल्या रात्री मी पेट्यांमधून पडदे शोधत बसले.
झोप लागली ती गादीवर नव्हे, चादरींच्या ढिगावर.
घड्याळ वाजलं असेल, कोणत्या तरी पेटीत.

दार वाजलं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं.
आदेरितु बनियनवर गेला. बाहेर कोणी तरी म्हातारा,
हातात काठी, श्वास लागलेला.
माफी नाही, नमस्कार नाही.
आहात ना? एवढंच त्याने विचारलं.

आदेरितु माझ्याकडे वळून बघायला लागला,
जणू याचं उत्तर माझ्या नावावर आहे.
मी ढिगातून ओरडले, आहोत, आहोत!
तोवर तो तीन घरं पुढे गेला होता
आणि एका निळ्या खिडकीवर
काठीने ठोकत होता.